पाणी काढलं का?

आमच्या साताऱ्याच्या घरी सकाळी "पाणी काढलंय" अशी हाक आली की तिचा अर्थ एकच असायचा. बंबातलं कढत पाणी बादलीत पडलेलं आहे, ते निवायच्या आत न्हाणीघरात पळा, नाहीतर नंबर गेला. पुढे कधीतरी याच दोन शब्दांपायी आपल्याला साडेसातशे डॉलर आणि जवळजवळ एक मित्र गमवावा लागेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी आंघोळ करून ये म्हटलं असतं.

तर मंडळी, गोष्ट अशी. २०२२ च्या मे महिन्यात डेन्व्हरमध्ये मी आणि माझ्या एका मित्राने (त्याला इथे आपण पार्टनर म्हणू, त्याच्या बायकोला हे वाचायला आवडतं) निम्मे-निम्मे पैसे घालून एक सेकंडहँड आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकावरचं घर. यात इंजिनसकट येणारे मोटरहोम असतात, ते आमच्या बजेटच्या बाहेर. आमचा आपला २२ फुटी ट्रेलर, पार्टनरच्या पिकअपला मागे जोडून ओढायचा. आत दोन पलंग, एक शेगडी, माणूस जेमतेम वळेल एवढी बाथरूम आणि बाहेरच्या भिंतीत, एका पत्र्याच्या झाकणामागे, सहा गॅलनचा वॉटर हीटर. सहा गॅलन म्हणजे साधारण २३ लिटर. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या गीझरएवढाच. फरक इतकाच की हा गॅसवरही चालतो आणि विजेवरही. विजेचा एलिमेंट १४४० वॅटचा. गार पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला त्याला पाऊण तासाच्या पुढे लागतो (मी गणित केलंय, इंजिनिअर असण्याचा तेवढाच उपयोग). गॅसचा बर्नर त्याच्या अडीचपट ताकदीचा. डोंगरात नऊ-दहा हजार फुटांवर, पहाटे बाहेर दवाचा बर्फ झालेला असताना, त्या खोक्यातून गरम पाण्याची धार आली की माणूस त्या हीटरच्या पाया पडेल.

आम्ही पहिला सीझन फक्त पायाच पडलो. बाकी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. झाकण उघडून आत काय आहे हे बघायचंही सुचलं नाही. दोघेही इंजिनिअर, पण कॉम्प्युटरचे. पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब मी वरच्या वर्गातल्या मुलाकडून विकत घेतला होता, आणि पार्टनरनेही. त्यामुळे पाना हातात धरण्याचा एकत्रित अनुभव शून्य.

कोलोराडोत ऑक्टोबरमध्ये रात्री शून्याखाली जायला लागतात. तेव्हा आरव्हीतलं सगळं पाणी काढून ती हिवाळ्यासाठी मिटवून ठेवायची असते. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि त्याला अडवण्याची ताकद प्लॅस्टिकच्या नळीत नसते, पितळेच्या नळातही नसते. २०२२ ची दिवाळी २४ ऑक्टोबरची होती. मी महिनाभर घरी निघालो होतो. म्हणून काम पार्टनरकडे आलं आणि मी विमानतळावरून त्याला व्हॉट्सॲपवर सात ओळींची यादी पाठवली. पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी कर, खालचे दोन ड्रेन उघड, सगळे नळ उघड, कॉम्प्रेसरने नळ्यांमधून हवा मार, सिंकखालच्या वाकड्या पाइपात गुलाबी अँटीफ्रीझ ओत, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या कर, बॅटरी घरी ने. दोन दिवसांनी साताऱ्यातून विचारलं, "पाणी काढलं का?" उत्तर आलं, "काढलं." सोबत एक अंगठा.

आता यातली मेख बघा. हीटरची टाकी या सगळ्या प्रकारात रिकामी होतच नाही. गार पाणी टाकीत तळाशी शिरतं आणि गरम पाणी वरून बाहेर पडतं. कॉम्प्रेसरची हवा मारली तर ती तळातून आत जाते, बुडबुडे काढत वर येते आणि वरच्या नळीतून निघून जाते. नळातून हवेचा फुसफुसाट ऐकू येतो, आपल्याला वाटतं झालं! आणि टाकीतलं पाणी जागच्या जागी बसून राहतं. ते काढायला बाहेरच्या बाजूला, टाकीच्या बुडाशी, एक वेगळा बोल्ट असतो. तो पान्याने उघडावा लागतो. हवा मारून, नळ सोडून, देवाला नवस बोलून, कशानेही ते पाणी जात नाही.

आणि त्या डिसेंबरात डेन्व्हरला जी थंडी पडली ती अनेकांना आठवत असेल. २१ डिसेंबर २०२२ ला विमानतळावरच्या वेधशाळेत पारा एका तासात ३७ अंश फॅरनहाइटने खाली आला. दुसऱ्या दिवशी नोंद झाली उणे २४ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३१ सेल्सियस. मी खिडकीतून ते धुकट पांढरं जग बघत चहा पीत होतो आणि शहराबाहेरच्या स्टोरेज लॉटमध्ये आमचा हीटर... असो. खरं तर त्याला फाटायला एवढ्या थंडीची गरजही नव्हती. तो बहुधा नोव्हेंबरातच गेला असणार.

एप्रिलमध्ये ट्रेलर उघडला, पाणी जोडलं, आणि हीटरच्या झाकणाखालून धार लागली. आत बाकाखालचा प्लायवूड भिजून पोळीसारखा मऊ झाला तेव्हा कुठे आम्ही पाणी बंद केलं. शेजारच्या जागेत आपला मोटरहोम धूत असलेले एक आजोबा आले, गुडघ्यावर बसले, टॉर्च मारली. टाकीचा पत्रा एका बाजूला बाहेर फुगून सांध्यावर उसवला होता. "बर्फ," आजोबा म्हणाले. गंजून गेली असती तर सुईएवढं भोक पडलं असतं, पत्रा असा पोट सुटल्यासारखा फुगला नसता. मग त्यांनी विचारलं, प्लग काढला होता का? पार्टनरने माझ्याकडे बघितलं. मी पार्टनरकडे बघितलं. कुठला प्लग?

इथून पुढचे तीन आठवडे मी जे वागलो ते लिहायला बरं वाटत नाही. मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी टोमणे मारले. ग्रुपवर कोणी कशाबद्दलही "झालं" असं लिहिलं की मी खाली लिहायचो, "म्हणजे हीटरसारखं झालं का?" लोक हसायचे. ऑफिसात बिल्ड मोडलं की जे करतो तेच, कोणाच्या कमिटमुळे मोडलं हे आधी शोधायचं आणि मग ते नाव सगळ्यांसमोर घेत राहायचं. पार्टनर गप्प होता. नवीन हीटरचे निम्मे पैसे त्याने मागायच्या आत पाठवले आणि वीकांताला यायचं बंद केलं.

मग एके रात्री कॅम्पग्राउंडचा बुकिंग नंबर शोधायला मी आमचं जुनं चॅट वर सरकवत होतो आणि ती सात ओळींची यादी समोर आली. एकदा वाचली. पुन्हा वाचली. हीटरचा शब्दही नव्हता. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने सातच्या सात केलं होतं, प्रत्येक ओळीपुढे तारीख टाकून. आठवी ओळ मला माहीतच नव्हती, आणि आपल्याला ती माहीत नाही हेही माहीत नव्हतं. तरी "पाणी काढलं का" हा प्रश्न मात्र मी सगळं ठाऊक असल्याच्या थाटात विचारला होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. यादी दाखवली. तो म्हणाला, "मला माहितीये. मी त्याच दिवशी बघितली होती." मग म्हटलं, अरे बोलला का नाहीस? तर म्हणे, "तू कधी बघतोस ते बघत होतो." वहिनींनी चहा दिला. मी त्याचे निम्मे पैसे परत केले, त्याने अर्धेच घेतले, कारण दोघांपैकी एकानेही मॅन्युअल वाचलं नव्हतं हे त्याला मान्य होतं. हिशेब मला तेव्हाही नीट कळला नाही, पण मी वाद घातला नाही.

नवा हीटर आम्ही दोघांनीच बसवला. जुना काढताना त्याचा तो सुप्रसिद्ध प्लग अखेर उघडला आणि त्याच्याबरोबर एक तार बाहेर आली. नुसती तार, वीतभर, गंजकी, कडेला पांढऱ्या चुन्याचे खडे चिकटलेले. नव्या हीटरमध्ये त्याच जागी अंगठ्याएवढ्या जाडीची चकचकीत कांडी होती. तेव्हा कळलं की तो बोल्ट म्हणजे नुसता बोल्ट नाही. त्याला आतल्या बाजूने ॲनोड रॉड जोडलेला असतो, आणि आमच्या जुन्या हीटरमधला रॉड कधीच खाल्ला जाऊन संपला होता.

हा रॉड मला फार आवडला आहे. अकरावीत धनाग्र-ऋणाग्र पाठ केले होते, ते कशासाठी हे आता समजलं. टाकी पोलादाची, आतून काचेसारख्या मुलाम्याची. मुलाम्याला कुठेतरी बारीक चीर असतेच, तिथून पाणी पोलादाला गंजवणार. म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी सोडतात. मॅग्नेशियमचं विद्युत विभव उणे २.३७ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४. म्हणजे इलेक्ट्रॉन सोडून द्यायची घाई मॅग्नेशियमला कितीतरी जास्त. ते आपण विरघळत जातं आणि तोवर लोखंड शाबूत राहतं. कांडी संपली की पुढचा नंबर टाकीचा.

हे डोकं मुळात हम्फ्री डेव्हीचं, १८२४ सालचं. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांना खालून तांब्याचा पत्रा मारलेला असायचा आणि समुद्राचं पाणी तो खायचं. डेव्हीने त्याला लोखंडाचे तुकडे जोडले. लोखंड झिजलं, तांबं वाचलं, सगळे खूश. मग लक्षात आलं की झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच शेवाळ आणि शिंपले जहाजाला चिकटत नव्हते. तांबं वाचल्यावर जहाजाच्या बुडाला अख्खी बाग लागली, जहाजं मंदावली आणि नौदलाने तो नाद सोडला. एक बग सुटला की दुसरा निघतो, हे आमच्या धंद्याचं रडगाणं दोनशे वर्षं जुनं आहे तर.

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: हसू नका. तुमच्या साठवणीच्या गीझरमध्येही बहुधा हाच मॅग्नेशियमचा रॉड आहे. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर तो आणखी लवकर जातो. सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला "रॉड काढून दाखवा" एवढंच सांगा आणि त्याचा चेहरा बघा.)

रॉड नसलेले हीटरही असतात. त्यांची टाकी आतून ॲल्युमिनियमची असते आणि बुडाला नायलॉनचा साधा प्लग. ही दोन घराणी आहेत, एकाचे नियम दुसऱ्याला लावू नयेत. आपलं घराणं कुठलं हे आधी मॅन्युअलमध्ये बघावं. (बघा, मी मॅन्युअल वाचा म्हणून सांगतोय!)

आता दर ऑक्टोबरात हे काम मी करतो. सगळ्यात आधी विजेचा स्विच बंद, गॅस बंद. मग गरम पाण्याचा नळ सोडून द्यायचा, किंवा सरळ आदल्या रात्रीच हीटर बंद करून झोपायचं, म्हणजे पाणी निवतं. ही पायरी गाळणाऱ्याने पुढचं वाचू नये. टाकीत पाणी दाबाखाली असतं, आणि बोल्ट सैल होताच रॉड आणि ६० अंशांचं पाणी दोन्ही थेट आपल्या छातीवर येतात. म्हणून बाहेरून येणारं पाणी तोडायचं, आतला गरम पाण्याचा नळ उघडायचा आणि मग टाकीच्या वरच्या अंगाचा सेफ्टी व्हॉल्व्ह, दाब १५० पीएसआय किंवा तापमान २१० फॅरनहाइट झालं की आपोआप उघडणारा, त्याची छोटी दांडी हाताने उचलायची. फस्स झालं आणि शांत झालं की दाब गेला. मग एक इंचाहून जरा मोठा असा सॉकेट लावून बोल्ट फिरवायचा. पहिल्या वर्षी मी तो दहा मिनिटं उलटा आवळत होतो. ते असो.

रॉड सुटला की पाणी भकाभका येतं, बूट भिजतात. व्हॉल्व्ह उघडा असेल तर हवा आत जाते आणि धार सरळ लागते. संपलं असं वाटलं तरी संपलेलं नसतं, कारण क्षार तळाशी बसलेले असतात. एक लांब वाकडी नळी मिळते, ती बागेच्या पाइपाला लावून भोकातून आत घालायची आणि सगळीकडे फिरवायची. पांढरे पापुद्रे, खडे, वाळू, काय काय येतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. आमचे बाबा दिवाळीआधी बंब अंगणात उपडा करून आतले क्षाराचे पापुद्रे ठोकून काढायचे आणि बाहेरून चिंचेने तांबं लख्ख करायचे. मी पत्र्यावर गोळा झालेले तुकडे मोजायचो. या वेळी व्हिडिओ कॉलवर त्यांना आमचे पापुद्रे दाखवले. "एवढेच?" म्हणाले. बंबाला ना रॉड ना व्हॉल्व्ह, दर वर्षी उपडा करणारा माणूस तेवढा होता.

प्लगचं भोक तळापासून जरा वर असतं, त्यामुळे थोडं पाणी राहतंच. त्याची चिंता नको, रिकाम्या टाकीत त्याला फुगायला जागा असते. मग मागचे बायपासचे कॉक फिरवायचे, म्हणजे गुलाबी अँटीफ्रीझ टाकीला वळसा घालून नळ्यांमध्ये जातं, उगाच सहा गॅलन वाया जात नाही. रॉड तीन चतुर्थांश झिजलेला असेल किंवा मधली तार दिसू लागली असेल तर नवा. आट्यांना टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे, आणि आधी हातानेच फिरवायचा, कारण आटे चुकून वाकडे बसले तर टाकीच गेली.

मधल्या काळात चुका आणखी झाल्या. एका कॅम्पग्राउंडच्या विहिरीच्या पाण्याने गरम नळाला सडक्या अंड्याचा वास येऊ लागला. पार्टनरला दोन दिवस माझ्या मुळ्याच्या भाजीचा संशय होता. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जीवाणू आणि मॅग्नेशियमचा रॉड यांची जोडी जमली की तो तयार होतो. पातळ ब्लीच टाकून टाकी धुतली आणि वास गेला. मग २०२४ च्या मे महिन्यात मी टाकी भरायच्या आधीच विजेचा स्विच लावला. पाण्याशिवाय एलिमेंट मिनिटभरही टिकत नाही. तो स्विच इवलासा, काळा, झाकणामागे खाली कोपऱ्यात. नवा एलिमेंट पार्टनरने एकट्याने बसवला. एक शब्दही बोलला नाही, टोमणा तर नाहीच. फक्त घरून आणलेला एक लाल नाडा त्या स्विचला बांधून गेला. टाकी भरल्याशिवाय नाडा सोडायचा नाही, असा आता नियम आहे.

यादी आता एकोणीस ओळींची आहे. गेल्या ऑक्टोबरात मला रिलीजमुळे सुट्टी मिळेना, म्हणून पुन्हा पार्टनर गेला. संध्याकाळी फोटो आला. वर्तमानपत्रावर ठेवलेला अर्धा झिजलेला रॉड, शेजारी पापुद्र्यांचा ढीग, मागे टाकीचं काळं भोक. खाली एकच ओळ, "पाणी काढलं."

तरी मी शनिवारी गुपचूप स्टोरेज लॉटवर जाऊन, भोकात टॉर्च मारून बघून आलो. त्याला सांगितलं नाही. आता वहिनी सांगतीलच.